तीन जिने गडगडलेलं पातेलं

मी दुधाचं पातेलं बोलतंय. जाड बुडाचं, दोन लिटरचं, अंगभर पोचे पडलेलं. हळहळू नका. तुमची ती हळहळ विरारच्या एका इमारतीच्या जिन्यात मी पोटभर ऐकली आहे.

कारखान्यातून मी आगाशीच्या बाजारात आलं. तिथे भांडीवाल्याने माझ्या काठावर मशीनने कोरलं, 'चि. अश्लेषाला बाबांकडून'. बाबा म्हणजे रमेश मास्तर. शाळा आणि केळीची वाडी सांभाळणारा भला माणूस. भला म्हणजे कसा, तर कुठे भांडण दिसलं की पायात चपला सरकवणारा.

लग्नानंतर आम्ही विरारला आलो, तिसऱ्या मजल्यावर. अश्लेषाचा नवरा सिद्धेश बँकेत साहेब. खाली वॉचमनलासुद्धा 'नमस्कार काका' म्हणायचा. सोसायटीच्या पूजेला सोवळं नेसून हाच बसायचा. आणि घरात चहा जरा गार झाला की मला उचलून बायकोवर फेकायचा. वा रे मर्द! ऑफिसात वरिष्ठांपुढे तोंडातून शब्द फुटत नाही आणि घरात पातेल्याने पराक्रम! मी तिच्या खांद्यावर, पाठीवर आदळायचं. मग "तुझ्या बापाचं भांडं नको माझ्या घरात," असं ओरडत तो मला दाराबाहेर भिरकावायचा आणि मी ठणठणत जिना उतरायचं.

माझा आवाज थांबला की शेजारची दारं दोन बोटं उघडायची. कुणीतरी मला वर आणून द्यायचं. "वहिनी, तुमचं पातेलं पडलं वाटतं!"

पडलं म्हणे! आणि रिकामं भांडं परत देऊ नये म्हणून आत चमचाभर साखर. समोर बाईचा गाल सुजलाय, आणि ह्या साखर घेऊन उभ्या! दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी तर एकदा दोन बेसनलाडू घातले होते. सासूबाईंनी ते चवीने खाल्ले.

या सासूबाई, वसुंधराबाई, दिवसभर दाराजवळच्या खुर्चीत. सुनेला एकटीला बाहेर सोडायचं नाही, हा त्यांचा पहारा. तिचा मोबाइल सिद्धेशच्या खिशात. बाकी बाई रीतीच्या फार पक्क्या. आपलं भांडं दुसऱ्याकडे राहू द्यायचं नाही, दुसऱ्याचं रिकामं पाठवायचं नाही. लेकाने सून बडवली तरी चालेल, पण भांड्याची रीत मोडता कामा नये.

रमेश मास्तर एकदा येऊन गेले. लेकीचा काळानिळा दंड त्यांनी पाहिला, माझे पोचेही पाहिले. मग केलं काय? मला आगाशीला नेऊन पोचे ठोकून आणले आणि वाडीतल्या वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी भरून परत दिलं. "बाळा, संसारात भांड्याला भांडं लागायचंच," म्हणाले. अहो मास्तर, हे मला सांगता? भांड्याला भांडं लागलं तर नुसता आवाज होतो. माझे पोचे तुमच्या लेकीच्या हाडांवर पडलेत! अश्लेषा म्हणाली, "बाबा, मला घेऊन चला." मास्तर चपला शोधू लागले.

तिची लेक क्षितिजा सहा वर्षांची. ताट समोर आलं की आधी बापाचा चेहरा बघायची, मग घास घ्यायची. मला पलंगाखाली लपवून ठेवायची. वर्गात बाईंनी डस्टर आपटला तरी तिची चड्डी ओली व्हायची. पोरीवर हात पडण्याआधी तिला घेऊन निघायचं, एवढं अश्लेषाने मनाशी ठरवलं होतं. दारातून निघायचं कसं, तेच तिला सुचत नव्हतं.

एका रविवारी सकाळी त्याने मला फेकलं आणि क्षितिजा मध्ये आली. मी तिच्या कोपरावर आदळलं. त्याची लाज मला अजून आहे. त्याला नाही.

त्या दिवशी मी थेट तळमजल्यावर, मर्लिन टीचरांच्या दारात पोचलं. साखर त्यांनीही दोनदा घातली होती, त्यांना मी सोडणार नाही. पण या वेळी वरून आलेली पोरीची किंकाळी त्यांनी ऐकली होती. साखरेचा डबा उघडला आणि तसाच बंद केला. मग जिन्यात उभं राहून हाक मारली, "वसुंधराबाई, तुमचं टोप माझ्याकडे आहे! गुडघे दुखतात, मी काय वर येत नाय. सुनेला पाठवा, पोरीला पण. केक केलाय, रिकामं कसं देऊ?"

अख्ख्या जिन्याने ऐकलं. आता नाही कसं म्हणणार? वसुंधराबाई खुर्चीतून उठल्या. "जा, घेऊन ये. आणि टीचरचा डबा राहिलाय आपल्याकडे, तो नेऊन दे." त्या डब्यात त्यांनी स्वतःच्या हाताने साखर भरली.

अश्लेषा गाऊनवरच खाली आली, एका हातात डबा, दुसऱ्या हातात लेक. टीचरांनी दाराला कडी घातली. "चुकलंच गं माझं," म्हणाल्या. "वसईला माझी बहीण आहे, रेजिना. मागच्या गेटला रिक्षा बोलावते. जाशील?"

अश्लेषाने मला काखेत घेतलं. "जाते," म्हणाली.

अर्ध्या तासाने सिद्धेश खाली आला, हे टीचरांनी नंतर सांगितलं. सगळी दारं उघडी होती. बायको कुठे आहे, हे विचारायची त्याची छाती झाली नाही. हळूच म्हणाला, "टीचर, पातेलं द्या ना आमचं."

"तुझं कुठंय ते?" टीचर म्हणाल्या. "नाव वाचलं नाय कधी?"

आता आम्ही वसईत, रेजिनाबाईंच्या मागच्या खोलीत राहतो. कोर्टात केस चालू आहे. मास्तर परवा आले, पोचे ठोकून आणतो म्हणाले. अश्लेषाने मला त्यांच्या हातातून काढून घेतलं.

काल मी ओट्यावरून निसटलं. ठण्ण! क्षितिजा पलंगाखाली शिरली. अश्लेषा तिच्याशेजारी जमिनीवर आडवी झाली. "पडलं गं सोन्या. हातातून सुटलं. खरंच नुसतं पडलं."

पोर काही बाहेर येईना. 'पडलं' म्हणजे काय, ते तिला त्या जिन्याने शिकवलंय. तेव्हा ऐका, तुमच्या दाराशी असं भांडं गडगडत आलं, तर मेहेरबानी करून साखर शोधू नका. आधी वर जा.