जामीन राहिलेली मशीन

मित्रांनो, मी एक जुनी कांडपाची मशीन आहे. चार लोखंडी पाय, दोन उखळं, वर-खाली आदळणारी दोन मुसळं, बाजूला मोटर आणि मोटरीला जोडणारा काळा पट्टा, एवढंच माझं रूप. देखणी म्हणून मला कुणी नावाजलेलं नाही. पण कोल्हापुरातल्या आमच्या बोळात उन्हाळा लागला की माझ्यापुढं जेवढी रांग लागते तेवढी सोनारापुढंही लागत नसेल. वर्षाची चटणी माझ्यावर कांडली जाते.

बाहेरगावच्या मित्रांना आधीच सांगून ठेवते. आमच्या कोल्हापुरात चटणी म्हणजे ताटाच्या डाव्या बाजूची ओली खोबऱ्याची चटणी नव्हे. वाळलेली संकेश्वरी आणि ब्याडगी मिरची, भाजलेले मसाले, कांदा, लसूण असं सगळं कांडून वर्षभर बरणीत राहणारं जे लाल तिखट, त्याला आम्ही चटणी म्हणतो. हा शब्द ध्यानात ठेवा. पुढं त्याच्यापायी एका पोरीचा संसार अडला होता.

माझा जन्म १९९१ साली उद्यमनगरातल्या एका कारखान्यात झाला. मला विकत घ्यायला शांतव्वा आली, ती पाटल्या मोडून. तिचा नवरा चनबसाप्पा वारला होता आणि किराणा दुकान दिरानं आपल्या नावावर करून घेतलं होतं. कारकुनानं बिलावर नाव कुणाचं घालू विचारलं, आणि घरातल्या पुरुषाचं घातलेलं बरं, दिराचं तरी सांगा, असा सल्लाही फुकटात दिला.

शांतव्वा म्हणाली, "दिराच्या नावावर दुकान गेलं. आता ही बी घालू व्हय? पोरीचं घाला. दानेश्वरी."

"पोरगी शाळंत हाय न्हवं?"

"शाळंत हाय म्हणून काय नाव न्हाई व्हय तिला?"

अशी मी चौदा वर्षांच्या मुलीच्या मालकीची झाले. मालकीण दप्तर टाकून यायची, नाकाला ओलं फडकं बांधायची आणि माझ्या उखळात मिरच्या सारायची. शेजारची चिमणाबाई चाळण घेऊन बसायची. मी धाड धाड आदळायचे, बोळ खोकायचा आणि बायका माझं कौतुक करायच्या. गिरणीत दळलेली चटणी करपते, हिची चव राहते, असं म्हणायच्या. हंगाम सरला की शिल्लक राहिलेले पैसे शांतव्वा पतसंस्थेत ठेवायची, तेही दानेश्वरीच्याच नावावर. मशीन जिची, कमाई तिची, असा तिचा सरळ हिशेब होता.

दोन हजार साली दानेश्वरीचं लग्न झालं. नवरा शशिधर जातीतलाच, पण लहानपणीच आईबापांबरोबर अमेरिकेला गेलेला आणि आता तिथला नागरिक. तिथं तो एका मोटेलात कामाला होता. लग्नाआधी मला बघायला आला आणि माझ्यापुढं उभा राहून अकरा वेळा शिंकला. चिमणाबाईनं मोजल्या होत्या. मग डोळे पुसत तो दानेश्वरीला म्हणाला, "रोज असं असतं?" ती म्हणाली, "आज तर मिरची कमी हाय." तिथंच जुळलं, असं मला वाटतं.

तीन आठवड्यांनी तो परत गेला आणि बायकोला न्यायचे कागद त्यानं भरले. तोवर सगळं ठीक होतं. पण २००१ सालाच्या अखेरीला, विमानांच्या हल्ल्यानंतर, तिकडं माणसं प्रवासाला निघेनाशी झाली, मोटेलं ओस पडली आणि शशिधरचे कामाचे तास निम्म्यावर आले. तिकडचा कायदा असा, की बायको आणायची तर तिला पोसण्याइतकी कमाई कागदावर दाखवायची आणि तशी हमी लिहून द्यायची. ठरलेल्या आकड्याला त्याची कमाई थोडकी कमी पडली.

ही बातमी माझ्यापुढच्या रांगेत पोचायला एक दिवसही लागला नाही. हमी म्हटल्यावर आमच्या लोकांना एकच गोष्ट समजते, पतसंस्थेचं कर्ज आणि त्याला दोन जामीनदार. दूधवाला केरबा किटली खाली ठेवून म्हणाला, "दोन पायजेत न्हवं? एक मी, एक माझा मेव्हणा. कागद आन इकडं." दुसऱ्या दिवशी तो सातबारा आणि म्हशीच्या विम्याची पावती घेऊन आलासुद्धा. आणखी चौघांनी रेशनकार्डाच्या झेरॉक्सा काढल्या. अमेरिकेला तिथंच राहणारा जामीनदार लागतो, हे समजावता समजावता दानेश्वरीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं ते मिरचीवर ढकललं.

सगळेच केरबासारखे नसतात. बाळाबाई म्हणून गिऱ्हाईक होतं. मिरच्यांचं पोतं माझ्या पायाशी टेकवत ती म्हणाली, "ज्याला बायकू पोसायला जमत न्हाई, त्यानं लगीन करावंच कशाला?" दानेश्वरीनं मूठभर मिरच्या उखळात सारल्या. तिनं माझं बटण दाबलं. मीही त्या दिवशी जरा जोरातच आदळले.

मग शशिधरचा फोन आला. त्यानं तिथल्या वकिलाला विचारलं होतं. कमाई जेवढी कमी पडते, तिच्या पाचपट, वर्षाच्या आत विकता येईल अशी मालमत्ता दाखवली तर चालतं, आणि ती मालमत्ता बायकोची स्वतःची असली तरी चालते. म्हणजे दहा वर्षांच्या ठेवी, थोडं सोनं आणि मी. सगळं जोडून आकडा भरत होता, वर चार पैसे उरत होते. पण वकिलानं एक पाचर मारून ठेवली होती. पंचवीस वर्षांच्या पोरीकडं एवढा पैसा आला कुठून, दाखवायला कुणाकडून उसना आणला काय, हे ते विचारणार. मशीन तिची आहे आणि पैसा मशीनचा आहे, याला पुरावा हवा. म्हणजे माझं बिल हवं.

बिल सापडेना. ट्रंक उपसली, देवघर उपसलं, तांदळाच्या डब्यात हात घालून झाला. कारखाना तर कधीच बंद पडला होता. मुंबईच्या वकिलातीतली तारीख आठ दिवसांवर आली. शांतव्वा म्हणाली, "मीच कुटंतरी ठेवलंय गं. लई जपून ठेवलंय."

आणि मला ठाऊक होतं, मित्रांनो. पट्ट्यावरच्या पत्र्याच्या झाकणाआत, प्लॅस्टिकच्या पिशवीत, तिनंच ते दिराच्या भीतीनं दडवलं होतं. पण मला बोलता येत नाही. मला फक्त आदळता येतं.

त्या दुपारी माझा पट्टा तुटला. मी तोडला असं मी म्हणणार नाही. जुना झाला होता. मेकॅनिक जोतीराम आला, त्यानं झाकण उघडलं आणि पिशवी टपकन खाली पडली. पिशवी कोपऱ्यात फाटली होती आणि दहा वर्षांची चटणी बिलाच्या घडीघडीत शिरली होती. कागद तांबडा झाला होता, पण नाव स्वच्छ होतं. दानेश्वरी चनबसाप्पा.

मुंबईला काय झालं ते दानेश्वरीनं परत आल्यावर सांगितलं, माझ्या मोटरीवर हात ठेवून. खिडकीपलीकडं एक गोरी साहेबीण होती आणि शेजारी मराठी समजावणारी एक बाई. धंदा काय विचारल्यावर ही म्हणाली, चटणी करते. दुभाष्या बाईनं खोबऱ्याची चटणी सांगितली. साहेबिणीनं कागद बघितले आणि कपाळाला आठी घातली. नवरा लिहितो मसाल्याचा धंदा, बायको म्हणते खोबऱ्याची चटणी, आणि रोज वाटायच्या चटणीवर एवढ्या ठेवी? खरं काय?

दानेश्वरी म्हणाली, "बाई, ती न्हवं. ही चटणी." आणि तिनं बिल आत सरकवलं.

साहेबिणीनं घडी उलगडली, तारीख बघायला कागद डोळ्यांजवळ नेला आणि जी शिंकली, ती शिंकतच राहिली. दुभाष्या बाई शिंकली. पलीकडच्या खिडकीतला साहेबही शिंकला. डोळे पुसून साहेबिणीनं विचारलं, "ही मशीन वर्षाच्या आत विकली जाईल का?"

सगळ्यांनी पढवून पाठवलं होतं, की हो म्हण. दानेश्वरी म्हणाली, "आठवड्यात जाईल. तिघं मागून गेल्यात. पण मी इकणार न्हाई."

साहेबीण हसली म्हणे. जाईल का एवढंच विचारायचं होतं, असं म्हणाली आणि शिक्का उठवला.

दानेश्वरी गेली त्या दिवशी केरबानं बोळभर पेढे वाटले, आणि सांगत सुटला, की आमच्या पेठेतली मशीन अमेरिकेत जामीन राहिली. बाळाबाईनं दोन पेढे घेतले.

पुढं शांतव्वाचे गुडघे धरले. दोन वर्षं मी गोणपाटाखाली गप्प उभी होते. मुसळांना गंज चढला, उखळात उंदरांनी संसार मांडला. तेवढाच काळ माझा वाईट गेला. मग चिमणाबाईनं पदर खोचला, मला रॉकेलनं पुसलं, तेल घातलं आणि बोळ पुन्हा खोकायला लागला.

२००७ साली दानेश्वरी आली, शशिधरला आणि लेकीला घेऊन. तो अजून शिंकतो. ती आता तिथली नागरिक होती, तिथल्या एका हॉटेलातल्या स्वयंपाकघराची मुख्य. आईला न्यायचे कागद तिनं आणले होते. हमीच्या कागदावर या वेळी नवऱ्याची कमाई नव्हती, माझी किंमत नव्हती, पाचपटीचं गणित नव्हतं. तिचा एकटीचा पगार पुरून उरत होता. शांतव्वानं विचारलं, "आणि जामीन कोण?"

"मी की, अव्वा."

शांतव्वा बराच वेळ कागदावरच्या लेकीच्या सहीवरून बोट फिरवत राहिली.

मित्रांनो, यंत्राला तेल घाला, पावसाळ्यात झाकून ठेवा, आणि त्याचं बिल जपून ठेवा, पण कुठं ठेवलंय ते घरात कुणाला तरी सांगून ठेवा. आणि घरात जी राबते, तिचं नाव कागदावर येऊ द्या. ते कधी कुठं कामाला येईल सांगता येत नाही.

जायच्या आधी दानेश्वरीनं मला चिमणाबाईला दिलं. किमतीबद्दल विचाराल, तर वर्षाला पाच किलो चटणी, पोस्टानं. लिहून देताना जोतीरामनं विचारलं, नाव कुणाचं घालायचं, तुमच्या मालकांचं का थोरल्या लेकाचं?

चिमणाबाईनं हातातली चाळण खाली ठेवली.

"माझं घाल," ती म्हणाली, आणि माझं बटण दाबलं.