वहिनी पुन्हा गाणार

भावोजी चष्म्याच्या दुकानात शिरले तेव्हा ती एका आजोबांच्या कानामागे दांडी नीट बसवत होती. "आता टोचतंय का?" हा प्रश्न विचारण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. भावोजी बाकावर टेकले आणि गुडघे चोळत बसले. आजोबा गेल्यावर म्हणाले, "वहिनी, बँड पुन्हा उभा करायचाय."

"कोणाला?"

"दादाला."

दादा म्हणजे तिचा नवरा. घटस्फोट होऊन जमाना लोटला होता, पण धाकट्या दिराच्या तोंडचं 'वहिनी' काही सुटलं नव्हतं.

सत्तरच्या दशकात त्यांनी एका टायरच्या गोदामात सुरुवात केली. नवरा गिटारवर, भावोजी ड्रमवर, शाळेत गणित शिकवणारे मास्तर ऑर्गनवर, आणि नुकतीच लग्न होऊन आलेली ही गायला. रबराचा वास कपड्यांतून जाता जात नसे. "सून आणली की कारखान्याचा भोंगा?" असं सासूबाई येईल त्याला ऐकवायच्या. पण पहिली तबकडी निघाली आणि तोच भोंगा न्हाव्याच्या दुकानापासून कॉलेजच्या गच्चीपर्यंत वाजू लागला. पोरी तिच्यासारखे केस कापू लागल्या. सासूबाई सह्या केलेले फोटो शेजारपाजारी स्वतःच्या हातांनी वाटू लागल्या.

मग रोज नवं गाव, रोज नवी खोली. नवऱ्याच्या डोक्यात हवा गेली. गाण्याच्या मधला त्याचा गिटारचा तुकडा लांबतच चालला, आणि ती माईकपाशी घामाघूम होऊन तो संपायची वाट बघत उभी राहायची. अशातच एका मोठ्या मैदानावरच्या कार्यक्रमाआधी ती तापाने फणफणली, घसा पार बसला.

"आजचं रद्द कर," ती कशीबशी म्हणाली.

"बघतो," तो म्हणाला आणि गेला.

मैदान हॉटेलच्या पाठीमागेच होतं. खिडकीतून तिला तिचं गाणं ऐकू आलं, दुसरीच्या गळ्यातून. साथीला मागे उभी राहणारी पोरगी पुढे आली होती. टाळ्या नेहमीइतक्याच पडल्या. तो परतला तो खुशीत. "काळजी करू नकोस, कोणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही!" तिला धीर द्यायलाच म्हणाला होता बिचारा. पण ते वाक्य तिच्या घशाखाली उतरलं नाही ते नाहीच. ताप उतरल्यावर तिने माहेर गाठलं. मास्तर शाळेत परतले, नवी पोरगी चार महिन्यांत कंटाळली, आणि बँडची वाताहत झाली.

आता कुठल्याशा मालिकेत त्यांचं जुनं गाणं वाजलं होतं आणि तरण्या पोरांनी ते डोक्यावर घेतलं होतं.

"मास्तर असते तर आले असते," ती म्हणाली.

"मास्तर तर गेलेच, वहिनी. आपण आहोत तोवर करू. मलाही आता दोन जिने चढलो की धाप लागते."

नाही म्हणायलाही अंगात बळ लागतं. त्या दुपारी तिच्यात ते नव्हतं.

तालमीला नवरा आधीच येऊन बसला होता. केस पांढरे, पोट सुटलेलं, वागणं पाहुण्यासारखं. "तुम्ही बसा ना," तो गडबडून तिला म्हणाला, आणि भावोजींना हसू आवरेना. मास्तरांच्या जागी भाड्याने आणलेला एक अबोल वादक होता. वरचा सूर तिला लागेना, म्हणून सगळी गाणी खाली उतरवली. लय जरा वाढली की भावोजी हात वर करायचे. "अरे, माणसं आहोत आपण!" नवरा मात्र कोपऱ्यात जाऊन बोटांना मलम चोळायचा. डाव्या हाताची दोन बोटं आखडली होती. तिने ते पाहिलं. तिने पाहिलंय हे त्यालाही कळलं.

कार्यक्रमाला सभागृह भरलं होतं. तीन गाणी निभावली. चौथ्यात त्याचा तो लांबलचक तुकडा आला आणि मध्येच त्याची बोटं अडली. एक सूर चुकला, दुसरा निघालाच नाही. ड्रम चालू होते, गिटार बंद. भावोजी घाबरून तिच्याकडे बघू लागले.

तो हजारो लोकांसमोर असा उघडा पडावा, असं तिने कधी काळी अंथरुणात पडल्या पडल्या शंभरदा मनात रंगवलं होतं. आता ते समोर घडत होतं आणि तिला त्यात काडीचीही गोडी वाटेना. नुसता थकलेला म्हातारा दिसत होता, स्वतःच्या हाताकडे बघत उभा राहिलेला.

तिने माईक ओढला आणि गिटारचा तुकडा गळ्याने घेतला. शब्द नव्हते, नुसता आकार. त्यातला सूर न् सूर तिला पाठ होता, इतका तो उभ्याने सोसला होता. आवाज जाड झाला होता, कुठे कुठे फाटतही होता, पण थांबला नाही. थोड्या वेळाने खालच्या सुरात गिटारच्या एकाच जाड तारेचा ठोका येऊ लागला. तो तिला साथ करत होता. पुढच्या रांगेतली पोरं उभी राहिली.

नंतर आतल्या खोलीत तिने बूट काढून सुजलेले पाय खुर्चीवर ठेवले. तो दारात घुटमळला.

"त्या मैदानावर तेव्हा मी..."

"राहू दे. आता ते उकरून काढायचं त्राण नाही माझ्यात."

तो समोर बसला. "आयोजक आणखी गावं म्हणतोय."

"आठवड्याला एकच कार्यक्रम. जिने चढायचे नाहीत. आणि तो तुकडा मीच गाणार."

"मग मी काय करू?"

"खालची तार धर. चांगली धरलीस आज."

त्याने मान डोलावली. कोपऱ्यात भावोजी अंगावरच्या चमकदार शर्टासकट, तोंड उघडं टाकून घोरत होते. गाडी बाहेर उभी होती, पण त्यांना उठवायचं दोघांच्याही जिवावर आलं. मग ते तसेच बसून राहिले.