मोरेलींची रडणारी बाई

मी फुटक्या वस्तू जोडते. कपबश्या, बरण्या, बाहुल्या, काय म्हणाल ते. इथे परदेशात, एडिसन गावातल्या आमच्या घराच्या बेसमेंटमध्ये माझं टेबल आहे आणि त्या टेबलाला कुणी हात लावायचा नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. निदान मला तसं वाटत होतं.

त्या उन्हाळ्यात शेजारचे मिस्टर मोरेली टॉवेलात गुंडाळून एक मूर्ती घेऊन आले. त्यांची बायको रोझा एप्रिलमध्ये गेली होती. मूर्ती तिच्या माहेरची, इटलीहून आलेली, भाजलेल्या लाल मातीची. एक बाई कलशावर रेलून, डोक्यावरचं वस्त्र अर्ध्या तोंडावर ओढून रडतेय. तीनशे वर्षांपूर्वी कुणा शिल्पकारानं एका श्रीमंताच्या थडग्यासाठी संगमरवराला छिन्नी लावण्याआधी हा नमुना करून पाहिला होता. मागच्या बाजूला त्याच्या अंगठ्याचे ठसे अजून दिसत होते.

"हिचा हात निखळलाय, सुनेत्रा," मोरेली म्हणाले. "जोडून दे. मग दगड कोरणाऱ्याला दाखवतो. रोझाच्या थडग्यावर मला हीच हवी. बघ ना, कांदा चिरताना रोझा अगदी अश्शी दिसायची."

मी तो निखळलेला हात साफ करून कापसात ठेवला आणि कपाटात बंद केला; बाई टेबलावरच राहिली. आता जोडणार, तोच गिरीशला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, ऑफिसात छातीत दुखायला लागलं. बायपास झाली. ऑपरेशन उत्तम झालं म्हणाले, पण नंतर ताप उतरेना. मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत हॉस्पिटलात. घरी सांगलीहून आलेल्या सासूबाई एकट्या. देवापाशी बसायच्या, नाहीतर घरभर फिरायच्या. फिरता फिरता बेसमेंटमध्ये उतरल्या.

अनंत चतुर्दशीला मी हॉस्पिटलातून आले, तर टेबल रिकामं.

"आई, इथली मूर्ती कुठाय?"

"ती होय? पोचवली गणपतीबरोबर." आई शांतपणे वाती वळत होत्या. "आपल्या मराठी मंडळातला तो एकनाथ मंडळाचा गणपती नदीवर नेत होता, त्याच्याच गाडीतून गेले. अगं, भंगलेली मूर्ती, त्यातून रडणारी, आणि घरात माणूस आजारी! तुला लोकांच्या अंगणातल्या यार्ड सेलमधून जुनंपानं काहीबाही उचलून आणायची खोड, पण एवढं कळू नये?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तोंड उघडण्याआधीच त्या पुढे म्हणाल्या, "फेकली नाही हो. ओटी भरली तिची. दहीपोह्यांची शिदोरी दिली बरोबर. एवढी रडत होती बिचारी, उपाशी कशी पाठवायची?"

मी गाडीची किल्ली उचलली आणि एकनाथकाकांना घेऊन तडक रॅरिटन नदीवर गेले. काका पँट दुमडून पाण्यात उतरले, मी तशीच शिरले. पाणी गढूळ, खाली चिखल, आणि ओहोटी जोरात. ओटीचा नारळ तेवढा सापडला.

"सुनेत्रा, एव्हाना विरघळली असेल गं," काका माझी समजूत काढायला म्हणाले.

"ती शाडूची नव्हती, काका! भाजलेली होती. ती विरघळत नाही. ती इथेच कुठेतरी धडधाकट पडलीय आणि मला दिसत नाहीय!" मी भर नदीत ओरडले. बिचारे काका! त्यांचा काय दोष?

दुसऱ्या दिवशी गिरीशचा ताप उतरला. डॉक्टरांनी आदल्या दिवशीच अँटिबायोटिक बदललं होतं, पण ते ऐकतंय कोण? आईंनी साखर वाटली. मी गिरीशला सगळं सांगितलं, तर त्यानं माझा हात धरला. "मूर्ती मोरेलींची होती हे आईला कळू देऊ नकोस, प्लीज. तिला वाटतंय तिनं मला वाचवलं." छातीवर टाके घातलेल्या माणसाशी भांडायचं तरी कसं? तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय!

मोरेलींना मात्र सांगावंच लागलं. मी कापसातला हात घेऊन त्यांच्या दारात उभी राहिले. सगळं खरं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "फोटो काढला होतास?"

"जोडून झाल्यावर काढणार होते."

"फेकली नाही ना त्यांनी?"

"नाही. पूजा केली. बरोबर खायला दिलं."

त्यांनी मान हलवली, कापूस उचलला आणि दार लावून घेतलं. चार शिव्या घातल्या असत्या तर मी खाली मान घालून खाल्ल्या असत्या आणि रात्री झोपले तरी असते. त्यानंतर कुंपणावरून येणारे त्यांच्या बागेतले टोमॅटो बंद झाले.

"मोरेलींना काय झालंय गं?" आई मला रोज विचारायच्या. रोझा त्यांची मैत्रीण होती. मागच्या खेपेला दोघी पोर्चवर बसून शेंगा सोलायच्या. आई मराठीत बोलायच्या, ती इटालियनमध्ये, आणि दोघी खदखदा हसायच्या.

नोव्हेंबरात आईंची परतीची वेळ आली. "जाण्याआधी रोझाला भेटून येते," त्या हट्ट धरून बसल्या. मी थंडीचं निमित्त सांगितलं, गिरीशच्या तब्येतीचं सांगितलं. ऐकतील तर शपथ! शेवटी गिरीश आणि मी त्यांना घेऊन दफनभूमीत गेलो. नेमके मोरेली तिथेच, पानं वेचत.

दगड नवा होता, करडा, चकचकीत. खाली रोझाचं नाव. वर फक्त एक हात कोरलेला, मनगटाशी तुटलेला, बोटांत वस्त्राचं टोक धरलेला. मी कापसात ठेवलेला, तोच.

आईंनी शेवंती वाहिली, दगडावरून हात फिरवला आणि त्या थबकल्या.

"अगं, नुसता हातच? आणि तोही भंगलेला? कोरणाऱ्यानं बाकीची बाई कुठे घालवली?"

गिरीश आपल्या बुटांकडे बघायला लागला.

"काय म्हणतायत त्या?" मोरेलींनी मला विचारलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच बोलले माझ्याशी.

"काय म्हणाले गं ते?" आईंनी विचारलं.

दोघंही माझ्या तोंडाकडे बघत उभे राहिले, आई मराठीची वाट बघत, मोरेली इंग्रजीची.