तीन बोलणारे

संपादक बाईंनी पाचही कार्डं टेबलावर ओळीनं मांडली आणि चष्मा कपाळावर चढवला.

"काका, मेहनत भरपूर घेतलीत. पण हे असं छापता नाही येणार."

काकांना शब्दकोशाच्या कचेरीतून निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी बोलीतल्या नव्या शब्दांची कार्डं करायची खोड काही सुटली नव्हती. या खेपेचा शब्द होता 'कूल'. मुळात इंग्रजी, अर्थ थंड. पुढे शांत डोक्याचा. मग जॅझ वाजवणाऱ्यांनी तो उचलला आणि झाला झकास. आपल्याकडे येऊन तर तो 'चालेल', 'कळलं', 'राहू दे' अशी वाटेल ती कामं करू लागला. सगळं काकांनी मोत्यासारख्या अक्षरात उतरवलं होतं.

"चुकलं कुठे?"

"चुकलं नाही. नियम तुमचाच आहे. अर्थ छापायचा तर तो तीन वेगळ्या माणसांच्या तोंडून ऐकलेला हवा." बाईंनी 'बोलणारा' या रकान्यावर बोट ठेवलं. "इथे पाचही ठिकाणी एकच. 'मुलगी, फोनवर.' आणि शेवटची तारीख गेल्या वर्षीची."

काकांनी कार्डं जवळ ओढली. खरंच की. पण दुसरं बोलणारं आणायचं कुठून? दुकानदार मान हलवून सामान देतो, शेजारच्यांचं दार कायम बंद. कामाशिवाय फोन करायची काकांना सवय नव्हती आणि लेक त्यांच्यावरच गेली होती. त्यांना भारी एकटं वाटलं.

"मुलीलाच विचारा ना," बाई हलकेच म्हणाल्या. "तिच्या ऑफिसातली माणसं तो कसा वापरतात ते."

घरी येऊन त्यांनी कोरं कार्ड समोर घेतलं, पेनाचं टोपण काढलं आणि फोन लावला.

"बाबा? काय झालं? पडलात का कुठे?"

"छे गं. कोशाचं काम होतं."

ती हसली. शब्दावरून गाडी ऑफिसवर गेली, ऑफिसवरून तिच्या गळक्या नळावर, तिथून आईच्या जुन्या स्वेटरवर. तो स्वेटर लेक अजून घालते, हे काकांना ठाऊकच नव्हतं. पेनाची शाई वाळून गेली.

"लिहून घेताय ना, बाबा?"

"घेतोय, घेतोय. तू बोल."

दुसऱ्या दिवशी बाईंनी विचारलं, "मिळाले का बोलणारे?"

काकांनी खिशातलं कोरं कार्ड चाचपलं.

"नीट उतरवून घेता आलं नाही," ते म्हणाले. "आज परत विचारतो."