भुजंगचे चाळीस स्टार्टर

भुजंगने मंठ्यात मोबाइल स्टार्टरचं दुकान टाकलं तेव्हा सगळं नीट होतं, फक्त डोकं कापसाचं होतं. बापजाद्यांनी कापूस घरात भरून ठेवला आणि भाव चढल्यावर विकला. मग घरबसल्या फोनवरून शेतातली मोटार चालू-बंद करणारे हे डबे काय वेगळे? त्याने चाळीस डबे पोटमाळ्यावर रचले आणि भाव यायची वाट पाहत बसला.

भाव कसला येतोय! पाच हजारांचा डबा साडेतीनवर आला, मग अडीचवर. भुजंगचं आपलं एकच, "थांबा जरा, चढतो." दोन वर्षांत दुकानाचं भाडंही निघेना. शेवटी मेहुण्याने आपल्या कापसाच्या जिनिंगवर मुकादमकी देऊ केली. दिवाळीपर्यंत माल हलला नाही तर दुकानाला कुलूप, असं ठरलं. पण दुकानात भुजंगचा जीव होता.

त्याची बायको प्रियदर्शनी शाळेत विज्ञान शिकवायची. तिने कंपनीचा नवा डबा उघडून त्याच्यापुढे ठेवला.

"ही चिप पाहा. पहिल्यापेक्षा बारीक, काम दुप्पट, अन् किंमत कमी. पुढच्या साली याहून स्वस्त. हा काय कापूस न्हाई. ठेवला की उतरतोच. नव्याहून कमी भाव लावा अन् जल्दी मोकळे व्हा."

"खर्चा तरी निघंल का?"

"न्हाई निघणार. पण दुकान राहील."

बाजाराच्या दिवशी भुजंगने सुतकी तोंडाने दोन हजारांची पाटी लावली. दुपारपर्यंत दारात ही गर्दी! एक-दोन एकरवाले, ज्यांनी आजवर दुकानाची पायरी चढली नव्हती. पाच हजारांत मोजकी गिऱ्हाइकं होती, दोन हजारांत अख्खा तालुका होता. हे गणित त्याच्या घराण्यात कुणी मांडलंच नव्हतं. त्याने तिथल्या तिथे कंपनीकडून नवा, स्वस्तातला माल मागवला.

शेवटचा डबा तळणीच्या दुर्गाबाईंनी उचलला. "दोन सालापासून मोटारीपायी रोज शेतात चकरा मारून राह्यले बाबा. म्हणलं, उतरंल भाव कधीतरी."

"अन् मी चढायची वाट पाहून राह्यलो, मावशी!"

"मंग दोघांत शहाणं कोण?"

"बिलकुल तुमी," भुजंग खो खो हसत म्हणाला आणि त्याने मेहुण्याला फोन लावला, "दाजी, मुकादम दुसरा बघा."