निवळलेलं पाणी

बुधरीला माती दिली तेव्हा नाला तिच्यापासून लांब होता. किती लांब, ते कोणी मोजलं नाही. मग वरच्या टेकडीवरचं जंगल तोडून रस्ता निघाला आणि पुढच्याच पावसात नाला लाल होऊन आला. काठाचे लचके पडू लागले. यंदा जूनमध्ये देवाजीनं पहिल्यांदा मोजलं. बायकोला पुरलं तिथल्या दगडापासून काठापर्यंत नऊ हात.

त्याच आठवड्यात वरोऱ्याची दिव्यानी गावात आली. तिची संस्था मुलचेऱ्याकडच्या अकरा नाल्यांचं पाणी तपासणार होती. शाळेच्या ओट्यावर चारसहा माणसं जमली. ती म्हणाली, तुमच्या नाल्याचं पाणी प्राणहितेत जातं, प्राणहिता गोदावरीत, गोदावरी समुद्रात. तिकडे किनाऱ्याजवळ पाण्याखाली पोवळी आहेत. दागिन्यातली नव्हेत, जिवंत, खडकाला धरून वाढणारी. त्यांना वाचवायचं तर समुद्रातही राखण हवी आणि इकडे जमिनीवरही काम हवं. पण पैसा चार नाल्यांपुरताच आहे, म्हणून निवड करायची. ज्याची निवड होईल त्या नाल्याच्या काठाला दगडाचे बांध घालू, वर बांबू लावू.

देवाजीला पोवळ्यांचं फारसं काही समजलं नाही. काठाला दगडाचे बांध, एवढं नीट समजलं.

"निवड कायच्यावर होते, बाई?" त्यानं विचारलं.

"पाण्यावर," दिव्यानी म्हणाली आणि त्यापुढे बोलली नाही. मोठा पाऊस झाला की नाल्याचं पाणी बाटलीत भरून ठेवायचं काम तिनं त्यालाच दिलं, कारण तो रोज नाल्यावर जातो असं तिला गावात कळलं होतं.

पहिला पूर उतरला तेव्हा देवाजी बाटली भरून घरी निघाला. वाटेत माजी सरपंच सोमाजी भेटला. सोमाजीच्या काळात गावाला स्वच्छतेचं दुसरं बक्षीस मिळालं होतं. तपासणीच्या आदल्या दिवशी त्यानं गावातले उकिरडे बैलबंड्यांनी शेजारच्या गावाच्या शिवेत नेऊन टाकले होते आणि ते तो अजून अभिमानानं सांगायचा.

"हे पाणी देतं तू त्याईले?" सोमाजीनं बाटली उजेडात धरली. "हे तं ताकासारखं दिसते बे."

"जसं हाय तसं भरा म्हणे ते बाई."

"म्हणनच ते. पोरगी दाखवाच्या दिवशी कोणी तिच्या नाकातला शेंबूड दाखवते का? अकरा गावं हायेत, देवाजी. बाकीचे का गपचूप बसले असतीन?"

देवाजी घरी आला. बाटली समोर ठेवून बराच वेळ बसला. बुधरी पावसाळ्यात निवळीचं बी वापरायची. माठाच्या आत बी घासायचं, वरून गढूळ पाणी ओतायचं, घटकाभरात माती बुडाशी बसते. बियांची पुरचुंडी फडताळात होती, तिनंच बांधलेली. त्यानं गाठ सोडली. माती बसली तेव्हा वरचं पाणी हलक्या हातानं बाटलीत घेतलं आणि खालचा लाल गाळ अंगणात फेकला. पाणी इतकं नितळ झालं की त्यातून त्याला आपली बोटं दिसत होती. "तुह्याचसाठी करून राह्यलो," तो म्हणाला. घरात दुसरं कोणी नव्हतं.

पावसाळाभर त्यानं अशा नऊ बाटल्या दिल्या. तोवर काठ दगडापासून चार हातांवर आला.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला दिव्यानी यादी घेऊन आली. तुमचा नाला अकरावा, म्हणाली.

"आखरी?" सोमाजी तडकला. "एवढं चांगलं पाणी दिलं आन् आखरी काऊन?"

"चांगलं आहे म्हणूनच, भाऊ. जिथून माती जास्त जाते तिथे आधी काम. तुमच्याकडून तर जवळपास काहीच जात नाही."

सोमाजीनं देवाजीकडे पाहिलं आणि नजर जमिनीकडे वळवली.

"हे तुमी पहिले काऊन नाई सांगतलं?" देवाजीनं विचारलं.

"सांगितलं असतं तर लोकांनी मुद्दाम माती कालवून पाणी दिलं असतं. म्हणून कुठेच सांगितलं नाही."

देवाजी घरात गेला, पुरचुंडी घेऊन आला आणि बिया तिच्या हातावर ठेवल्या. काय केलं ते सगळं सांगितलं. ती रागावली नाही. उन्हातच खाली बसली. मग देवाजीबरोबर नाल्यावर आली, काठ पाहिला, दगड पाहिला. कोणाचा, ते तिनं विचारलं नाही.

"नुसत्या बोलण्यावर यादी बदलत नाही," ती म्हणाली. "खऱ्या पुराचं पाणी लागेल. तीन बाटल्या ठेवते. परतीचा मोठा पाऊस झाला तर भरा. जसं असेल तसं. यादी महिनाअखेर पक्की होते."

म्हणजे आता पूर यायला हवा होता. देवाजी रोज आभाळ पाहायचा आणि पाऊस मागायचा. मागताना दगडाकडे पाहायचं टाळायचा. दहा दिवस कोरडं ऊन पडलं. अकराव्या दिवशी दुपारी टेकडी काळी झाली.

पाऊस रात्रभर थांबला नाही. सकाळी देवाजी बाटल्या घेऊन गेला तेव्हा नाल्याचा आवाज गावातूनच ऐकू येत होता. पाणी मसाल्याच्या रश्श्यासारखं लाल आणि दाट होतं. त्यानं वाकून पहिली बाटली भरली. दुसरी भरली. तिसरी हातात घेतली तेव्हा पायाखालची माती थरथरली आणि तो मागे सरकला. काठ एकदम पडला नाही. आधी गवतात एक चीर दिसली, मग ती रुंद झाली, मग दगड एका अंगावर कलला आणि सगळंच खाली गेलं. पाण्यात एक ठिकाण थोडा वेळ जास्त लाल दिसलं.

देवाजी थोडं खाली चालत गेला आणि तिथे तिसरी बाटली भरली.

दुपारी पाऊस थांबल्यावर दिव्यानी आली. रस्त्यात गाडी फसली म्हणून ती पायीच आली होती. देवाजी अंगणातच बसला होता. तिनं तिसरी बाटली हलवून पाहिली.

"यात अर्धा गाळच आहे, देवाजीभाऊ. आता तुमचा नाला यादीत नक्की वर जाईल."

"ते माती समुद्रात कवा पोचते?"

"पुरात? चारपाच दिवस धरा."

"मंग तुमच्या पोवळ्याईवर बसते?"

"सगळी नाही. पण जी बसते ती त्यांना झाकून टाकते. झाकली की ती मरतात. म्हणून तर हे सगळं चाललंय."

देवाजीनं मान हलवली. ती बाटल्या पिशवीत भरत होती. नाल्याच्या त्याच काठावर आणखी खाली सोमाजीच्या आईचा दगड होता, त्याच्या पुढे इतरांचे. टेकडीच्या अंगाला आभाळ पुन्हा उतरत होतं.

"बाई," तो म्हणाला, "अजून बाटल्या हायेत का तुमच्यापाशी? पुढचा पूरबी जसा असन तसा भरतो."