शिळं पाणी

“तुम्ही दोघं एकमेकांशी शेवटचं कधी बोललात?” — ओठ न हलवता, आतल्या आत, तिनं प्रश्न पुन्हा एकदा म्हणून पाहिला, आणि तिच्या बोटाच्या टोकावरचं अंडं तिच्याकडं बघत राहिलं. खरंच बघत होतं. राजगिऱ्याच्या दाण्याएवढं अंडं, आत वेटोळं घालून बसलेला मासा, आणि त्या माशाचे दोन डोळे, काळेभोर, भोवती सोनेरी कडं. डोळे असे लख्ख दिसायला लागले की समजायचं, पिल्लू तयार आहे, आता फक्त पाण्याची खोटी.

प्रश्न तिचा नव्हताच. शुक्रवारी मधल्या सुट्टीत रेश्मा आणि अंकितानं तो तिच्या गळ्यात मारला होता. “प्रदर्शनात माइकवर लई फाडफाड बोललीस की! आता घरी बोलून दाखव. दोघांना विचारायचं, तोंडावर. आहे का हिंमत?” “त्यात काय एवढं,” भुवी म्हणाली, आणि अंकिताच्या डब्यातला शेवटचा घास उचलून तोंडात टाकला — असं हल्ली तिला जमतं. भुवी म्हणजे भुवनेश्वरी, म्हणजे मीच. पण डिसेंबरपासून मी स्वतःकडं जरा लांबून बघते, काचेच्या टाकीत बघावं तसं, कारण आत फिरणारी ती पोरगी मला अजून नवीन आहे. नववीपर्यंत हजेरी देताना जिचा आवाज बाईंच्या टेबलापर्यंत पोचायचा नाही, तीच ही, विज्ञान प्रदर्शनात सगळ्या सभागृहाला हसवणारी? आफ्रिकेतल्या डबक्यांत राहणारा किलीफिश, डबकं आटलं की मासे मरतात, अंडी चिखलात थांबून राहतात, पुन्हा पाणी आलं की बाहेर येतात — एवढं सांगून ती थांबली होती, आणि मग म्हणाली होती, “सोलापूरकरांना हे जास्त सांगायला नको. याही माशाच्या नळाला पाणी रोज येत नाही, एवढंच.” काय हशा पिकला होता! नंतर पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी विचारलं, म्हणजे पिल्लांना आईबाप दिसतच नाहीत? “नाही दिसत,” तिनं हसत, ठणठणीत सांगितलं होतं. घरी येताना रिक्षात मात्र ते ‘नाही दिसत’ तिच्या शेजारी बसून आलं…

आज रविवार. आज पाणी घालायचं.

अंडी गणपतीपासून कपाटात आहेत, तिच्या कपड्यांच्या मागं, ओलसर कोकोपीटच्या पिशवीत. नारळाच्या भुशात मादीनं ती घातली, भुसा पिळून पिशवीत भरला, आणि तेव्हापासून वाट बघणं. घालणारी मादी दिवाळीत गेली. नर जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत टिकला, निळा-लाल, काचेतल्या स्वतःच्याच सावलीवर धावून जाणारा, मग पाठ वाकून तोही गेला. टाकी तेव्हापासून रिकामी आहे. तरी ती दिवा लावते. सवयीनं.

आणि रविवारच का, तर रविवारी दोघं घरात असतात. हे तिनं कुणाला सांगितलेलं नाही. आई अकलूजला दूध डेअरीच्या प्रयोगशाळेत. शनिवारी संध्याकाळच्या एसटीनं येते, सोमवारी पहाटे जाते. पप्पा इथं टॉवेलच्या कारखान्यात. आईची बदली झाली तेव्हा आधी भांडणं होती, ‘कशाला घेतलीस’ आणि ‘तुम्हाला काय कळतंय’, मग एके दिवशी भांडणंही थांबली, आणि मला किती बरं वाटलं होतं तेव्हा! केवढी मूर्ख. भांडण म्हणजे निदान बोलणं तरी असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आता असं चालतं: “भुवी, आईला विचार, डाळ कुठं आहे.” आई समोरच, हातभर अंतरावर. “भुवी, त्यांना सांग, निळ्या डब्यात.” मग मी पप्पांकडं वळून म्हणायचं, “निळ्या डब्यात.” तेव्हा कुठं पप्पा निळा डबा उघडतात. माझ्या तोंडून आल्याशिवाय डाळ निळ्या डब्यात नसतेच. मला यात आता चांगली गती आहे. रुक्ष निरोपाला मी मध्येच थोडं तूप लावते, ‘बघा’चं ‘बघता का’ करते… आणि काल रात्रीपासून या दोघांमध्ये मी मलाच नेते-आणते आहे. “आईला विचार, अकलूजला अकरावी सायन्स चांगलं आहे का.” “त्यांना सांग, चांगलं आहे, पण तुझी इच्छा असेल तरच.” “तिला म्हणावं, भुवी इथं राहिली तरी माझी हरकत नाही.” हरकत नाही! एकानंही म्हणू नये, ये गं. एकानंही म्हणू नये, जाऊ नको. पुढच्या वर्षी मी कुणाकडं असणार हे ठरतंय आणि ठरवणारे दोघं माझ्या तोंडाकडं बघत बसलेत, जसं काही मी नुसती नळी आहे, एका कानातून दुसऱ्या कानात जाणारी.

तिनं गॅलरीत टब ठेवला. बुधवारी भरून ठेवलेलं, क्लोरीन उडून गेलेलं पाणी त्यात ओतलं — या माशांना ताजं पाणी चालत नाही, चार दिवस उघडं राहिलेलं लागतं — आणि पिशवी उघडून भुसा सोडला. पाणी चहासारखं तांबूस झालं. थंड होतं, थंडच हवं. ती गुडघ्यांवर बसून राहिली. काही नाही. खाली पेपरवाला गेला, समोरच्या गच्चीवर कुणीतरी गादी झटकली… काही नाही… आणि मग एक टिंब हललं, आपणहून, तिरकं, आणि दुसरं.

“पप्पा! पप्पा, इकडं या, पळत!”

पप्पा अर्धी दाढी केलेले आले. वाकले. बराच वेळ त्यांना काही दिसेना, मग एकदम दिसलं. “अय्यो! नुसते डोळेच पळतायत की गं!” ते असे हसले की गालावरचा फेस टबात पडता पडता राहिला. मला वाटलं, हाच तो क्षण. आत्ता हे मागं वळून आईला हाक मारतील, कारण असं काही बघितल्यावर माणूस एकटं बघूच शकत नाही. पण त्यांनी मागं पाहिलं, स्वयंपाकघराच्या दाराकडं, आणि म्हणाले, “आईला दाखव हां नंतर.”

नंतर!… म्हणून तिनं विचारून टाकलं. अगदी रेश्मानं सांगितलं होतं तसं, तोंडावर.

पप्पांनी टबात बोट बुडवलं. पिल्लं दूर पांगली. “तिलाच विचार की,” ते म्हणाले. “तिच्या लक्षात असतं सगळं.”

आई शेंगदाणे भाजत होती. दर रविवारी ती आठवड्याची शेंगाचटणी कुटून बरणी भरून ठेवते. कुणासाठी ते बोलत नाही, पण मी चटणी खात नाही हे तिला माहीत आहे. भुवी ओट्याला टेकून उभी राहिली आणि तोच प्रश्न, त्याच आवाजात. उलथनं थांबलं. आईनं वळून पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर काहीतरी असं आलं की तो चेहरा मी कुठंतरी जुन्या फोटोत पाहिलेला वाटला.

“हे त्यांनी विचारायला सांगितलं?”

एक शब्द. हो म्हणायचं होतं फक्त. एवढे निरोप मी नेले, एवढं तूप लावलं, आणि नेमका तो एक, न दिलेला निरोप मला पोचवता आला नाही. वर्गातल्या हुशार मुलीसारखं मी खरं उत्तर दिलं. “नाही. रेश्मा आणि अंकितानं. पैज होती.”

“हं,” आई म्हणाली. “शेंगा करपल्या बघ.” करपल्या नव्हत्या.

फोनवर रेश्माचा मेसेज होता: विचारलं का गं??? भुवीनं लिहिलं, ‘हो!! लई मजा आली, उद्या सांगते.’ अंकितानं टाळ्या पाठवल्या. ती त्या टाळ्यांकडं बघत राहिली. दोघी जिवलग आहेत, डब्यातलं देतात, माझ्यासाठी कुणाशीही भांडतील… पण आत्ता, या घराच्या मधोमध उभं राहून, कुणाला काय सांगायचं? की माझ्या आईनं माझ्याकडं पाहिलं आणि तिला मी दिसलेच नाही, माझ्या मागचं कुणीतरी दिसलं?

आणि तेवढ्यात पाणी आलं.

पाणी आलं की आमच्या गल्लीत कुणी माणूस राहत नाही, सगळ्यांचे नुसते हातपाय होतात. “पाणी! पाणी आलं!” खालून चंद्रव्वा काकू ओरडल्या, मोटारी घरघरायला लागल्या, आणि भुवी सवयीनं जिना उतरून खाली धावली, कारण खालचा कॉक बघायचं काम तिचं. वर पप्पा पाइप धरून पिंपं भरणार, आई शिळं पाणी ओतून भांडी रिकामी करणार. हे काही ठरवावं लागत नाही. ताजं आलं की शिळं ओतायचं. घागर, कळशी, बादली, जे दिसेल ते. लहानपणापासून मीही हेच केलंय. शिळं पाणी घरात ठेवलं की आजी कपाळाला आठ्या घालायची.

कॉकपाशी वाकलेली असताना तिला वरून पप्पांचा आवाज आला.

“भुवी! ए भुवी! आईला सांग, तो टब नको ओतू म्हणावं!”

मी पळाले. जिन्याच्या वळणावर माझी चप्पल सुटली, तशीच वर गेले. पप्पा गॅलरीच्या एका टोकाला, हातात पाइप, पाइपातून पाणी पिंपाबाहेर सांडतंय. आई दुसऱ्या टोकाला, तिच्या हातात टब — पालथा. तांबूस पाणी मोरीच्या जाळीकडं सावकाश निघालेलं, भुशाची एक ओळ मागं ठेवत. दोघांत एक साधी खाट मावेल एवढं अंतर.

“काय झालं?” आई म्हणाली. “घाण पाणी होतं ते. शिळं.”

तिनं ऐकलं नाही, मोटारींच्या आवाजात? की ऐकलं, आणि तो आवाज तिला उद्देशून नव्हताच म्हणून हात थांबले नाहीत? खालच्या मजल्यावर मला ऐकू आलं. हे मी तिला कधी विचारणार नाही. आणि पप्पा… पाइप टाकून दोन पावलं टाकता आली असती. ‘थांब’ म्हणता आलं असतं. एवढासा शब्द, त्याला निरोप्या कशाला लागतो?

ती जाळीपाशी बसली. नखांनी भुसा गोळा करायला लागली. डोळे कुठं दिसतात का म्हणून गाल फरशीला टेकवून पाहिलं. ओली फरशी, आभाळ, स्वतःचे केस. काही नाही. पहिल्या पाण्याला सगळीच अंडी फुटत नाहीत, काही मुद्दाम मागं राहतात, पुढच्या पावसासाठी — हे तिनं माइकवर सांगितलं होतं, आणि ते खरंही आहे; पण या मूठभर भुशात तसं एखादं उरलंय की नाही हे कुणाला माहीत. तिनं तो जुन्या टॉवेलात घेतला आणि पिळायला लागली. दुसरं काय करणार?

“मला काय माहीत गं बाळा,” आई म्हणत होती, तिचा आवाज फुटला होता. “मला कुणी सांगितलं का, त्यात पिल्लं आहेत म्हणून?”

“मी ओरडलो की,” पप्पा माझ्याकडं बघत म्हणाले. मग मोटर बंद झाली, आणि त्या शांततेत, हळू: “भुवी, तिला सांग, मुद्दाम नाही केलं तिनं. मला माहीत आहे.”

किती चांगला निरोप होता! दोन वर्षांतला सगळ्यात चांगला. त्याला तूपसुद्धा लावावं लागलं नसतं. आई माझ्याकडं बघत होती, तिला शब्दन् शब्द ऐकू आला होता, तरी ती थांबली होती, माझं तोंड उघडायची वाट बघत.

मी नाही उघडलं.

तो निरोप तिथंच राहिला, दोघांच्या मध्ये, ओल्या फरशीवर, आणि मला पहिल्यांदा कळलं की ही मधली जागा किती एकटी आहे. इथं दोन्हीकडून माणसं येतात आणि कुणीच थांबत नाही. मी इथून उठले तर कदाचित हे दोघं कायमचे गप्प होतील. डाळ निळ्या डब्यात पडून राहील. ही भीती खरी होती… आणि तरी तिच्या खाली, अगदी खाली, काहीतरी आपणहून, तिरकं, हलत होतं. राग नव्हता तो. रडूही नव्हतं. भुवी उभी राहिली. गुडघ्यांवरून भुशाचं पाणी ओघळत होतं. तिनं आधी आईकडं पाहिलं, मग पप्पांकडं, आणि मग दोघांना एकदम दिसेल अशी मागं सरकून भिंतीला टेकली.

“मी अकरावीला हॉस्टेलवर राहणार,” मी म्हणाले. “अकलूजला नाही आणि इथंही नाही. कुठलं हॉस्टेल ते मला अजून माहीत नाही. ते कसं शोधायचं आणि मला सोडायला कोण येणार, हे तुम्ही दोघांनी बोलून ठरवा. मी आत जाऊन बसते.”